पाच ग्रॅमच्या पुड्या

कडूबा हिवाळे आमच्या प्रयोगशाळेत काच धुवायचे. सव्वीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची खासगी प्रयोगशाळा आहे. माती, पाणी, बियाणं, आणि हंगामात निर्यातीच्या द्राक्षांवर फवारणीचा अंश किती उरलाय ते आम्ही तपासून देतो. मी तिथं केमिस्ट. कडूबादादा बदनापूरहून रोज सकाळच्या गाडीनं यायचे, माझ्या आधी पोचायचे आणि मी येईपर्यंत सगळे फ्लास्क उपडे घालून ठेवायचे.

त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं त्यांचं नाव कडूबा ठेवलं. नाव कडू असलं की पोर टिकतं म्हणतात. दादा टिकले. दहावीपर्यंत शिकले, पण प्रयोगशाळेतली शिस्त त्यांच्याइतकी आमच्या एमएस्सीवाल्यांनाही नव्हती. पाण्याची बाटली तोंडापर्यंत भरलेली नसली, झाकण सैल असलं, वर तारीख नसली की ते शेतकऱ्याला दारातूनच परत पाठवायचे. "काका, ह्यो नमुना न्हाई, ह्ये नुसतं पाणी हाय," म्हणायचे. वजन करताना त्यांचा हात थरथरत नसे. तराजू बिघडला तर मी त्यांच्या चिमटीवर विश्वास ठेवला असता.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात जाफराबादचे बद्रीनाथ नावाचे गृहस्थ आमच्याकडे आले. एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले, साठीचे. पूर्वी घरात मेंढरं होती, आता थोडी कपाशी आणि घरामागं पेरूची सहा झाडं. नोकरीत असताना नाशिकला मुक्कामी जायचे, तिथं कुणाच्या तरी घरी फळांची वाईन पाहिली आणि डोक्यात बसली. पिशवीतून त्यांनी एक बाटली काढली. आत ताकासारखं गढूळ काहीतरी होतं.

"पेरूची हाय, मॅडम," ते आवाज खाली आणत म्हणाले. परवान्याशिवाय असलं घरी करता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "दोन वरसं झाली करून राह्यलो. प्यायला न्हाई हो एवढी, वाटीभर बास होती. पण निवळतच न्हाई. काचंतून पलीकडचं दिसलं पाह्यजे, एवढंच पाह्यजे मला."

मी त्यांना सांगितलं की पेरूच्या गरात पेक्टिन असतं. जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळंच. ते तोडलं नाही तर रस कधीच निवळत नाही, आणि तोडायला पेक्टिनेज नावाचं एन्झाइम लागतं. मुंबई-पुण्याच्या दोन-तीन पुरवठादारांचे नंबर लिहून दिले. पंधरा दिवसांनी ते परत आले. सगळ्यांनी एकच विचारलं होतं, पंचवीस किलोचा ड्रम पाठवू का. त्यांना हवं होतं पाच ग्रॅम.

"पंचवीस किलोत तर माझ्या सात पिढ्यांचे पेरू निवळतील," बद्रीनाथ म्हणाले. ते हसले, पण उठताना बाटली पिशवीत ठेवण्याआधी त्यांनी ती एकदा उजेडाकडं धरून पाहिली.

कडूबादादा कोपऱ्यात पिपेट धूत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून त्या एन्झाइमचं नाव कागदावर मराठीत लिहून घेतलं.

पुढचे दोन महिने दादांनी जेवणाच्या सुट्टीत फोन केले. ज्यूसच्या कारखान्यात विचारलं, बिस्किटवाल्यांना विचारलं. एका कंपनीनं लेटरहेड मागितलं. एकीनं, तुमचा उद्योग काय, असं विचारल्यावर त्यांनी "काच धुतो" असं खरं सांगून टाकलं आणि समोरच्यानं फोन ठेवला. शेवटी आमच्याकडं रसायनं घेऊन येणाऱ्या एका प्रतिनिधीला त्यांनी गाठलं. प्रत्येक फेरीला चहा पाजला, प्रत्येक फेरीला आठवण केली. तिसऱ्या फेरीला त्यानं अर्ध्या किलोचा डबा आणून दिला. पिवळसर, भाकरीच्या पिठासारखी पावडर.

डबा उघडल्यावर दादांनी ती पावडर पाच-पाच ग्रॅम तोलली, चांदीच्या कागदाच्या पुड्या केल्या, सील केल्या आणि प्रत्येकीवर तारीख टाकली. सोबत स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी: दहा लिटर गराला दोन ग्रॅम. थंड पाण्यात कालवा, गरम नको. रात्रभर झाकून ठेवा, मंग यीस्ट घाला.

एप्रिलमध्ये बद्रीनाथांनी बाटली आणली. फिक्या सोन्याच्या रंगाची आणि अगदी स्वच्छ. त्यांनी ती खिडकीत ठेवली आणि पलीकडं बोट धरून दादांना म्हणाले, "बोटावरच्या रेघा मोजा." दादांनी खरोखर वाकून पाहिलं. ते स्वतः थेंबभरही घेत नसत, त्यामुळं चव घेण्याचा प्रश्न नव्हता. पण त्या दिवशी काच धुताना ते गुणगुणत होते.

त्यानंतर माणसं येऊ लागली. अंबडचे एक मास्तर मोसंबीची वाईन करायचे. जालन्यातलं एक ख्रिस्ती कुटुंब नाताळासाठी द्राक्षाची करायचं. कुणी नुसत्या रसासाठी पुडी न्यायचं. फार नव्हते, सगळे मिळून तीस-पस्तीस. पण प्रयोगशाळेच्या दारात येऊन ते "हिवाळे साहेब आहेत का?" असं विचारायचे. सव्वीस वर्षांत त्यांना साहेब म्हणणारी ही पहिलीच माणसं. प्रयोगशाळेतले बाकी सगळे, वयानं लहान असलेलेसुद्धा, त्यांना 'कडूबा' अशीच हाक मारायचे. दादा म्हणणारी मी एकटी होते, आणि त्याचा मला उगाच अभिमान होता.

घरी मात्र हे पटत नव्हतं. त्यांच्या पत्नी दीपमालाताई विहारात नेमानं जाणाऱ्या. "रोज सकाळी पंचशील घेता आन दुपारी दारूचं सामान वाटता," असं त्या म्हणायच्या. दादांनी हे मला हसत सांगितलं होतं. "मी म्हन्लं, आगं, तुरटी विकणारा गढूळ पाण्याला जिम्मेदार ऱ्हातो का? मी तुरटीवाला हाय." पण त्यांचं स्वतःचंही पुरतं समाधान झालेलं नसावं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बद्रीनाथ वारले. महिनाभर दवाखान्यात होते. शेवटी शेवटी त्यांना नीट दिसत नव्हतं. दादा जाफराबादला घरच्यांना भेटून आले. परत आल्यावर दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर काहीतरी वाचत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. हातात मोबाइल होता.

"मॅडम, एक इचारू? पेक्टिन तुटलं की त्याच्यातनं मेथिल अल्कोहोल निघतं म्हंत्यात. ते स्पिरिटवालंच का? डोळे जातात ते?"

हंगाम जोरात होता. माझ्यासमोर द्राक्षांच्या चाळीस नमुन्यांची रांग होती आणि निर्यातदारांचे फोन थांबत नव्हते. मी मान वर न करता म्हणाले, "निघतं थोडं. तेवढ्यानं काही होत नाही, दादा."

"थोडं म्हंजे किती?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

मी हे सहज बोलून गेले. ज्या माणसाचं सगळं आयुष्य मोजणाऱ्यांच्या सोबत गेलं, त्याला मी सांगितलं की मोजल्याशिवाय सांगता येत नाही. चार वाक्यं समजावून सांगितली असती तर? कुठल्याही फळाच्या वाईनमध्ये ते थोडं असतंच, एन्झाइमनं जरासं वाढतं, पण वाटीभर पिणाऱ्याला त्यानं अपाय होत नाही. बद्रीनाथांना आधीपासून कुठला आजार होता का, तेही विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी दादांनी एक बाटली आणली. बद्रीनाथांच्या शेवटच्या हंगामातली, त्यांच्या पत्नी कांताबाईंकडून मागून घेतलेली. झाकणावर मेण लावलेलं, वर तारीख.

"मोजा," ते म्हणाले. "जल्दी न्हाई. पण मोजा."

आमच्या यंत्रावर ते मोजता येत होतं. त्यासाठी आतली नळी बदलावी लागते, यंत्र पुन्हा जुळवावं लागतं, अर्धा दिवस जातो. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात. बिघडली तर नाही ना ते पाहायला मी मेण फोडलं, झाकण उघडून वास घेतला, परत लावलं आणि बाटली फ्रीजमध्ये रसायनांच्या मागं सरकवली. झाकण घट्ट लावलं होतं का, हे मला आज आठवत नाही.

एप्रिलमध्ये द्राक्षं संपली आणि मातीचे नमुने आले. मे महिन्यात यंत्राची दुरुस्ती होती. जूनमध्ये बियाण्यांची घाई. शिवाय मालकांना न विचारता कुणाच्या तरी घरची वाईन यंत्रावर चढवायची, आणि विचारायचं तर ती आली कुठून ते सांगायचं, यालाही मी कचरत होते. दादांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "दादा, माझ्या लक्षात आहे." त्यानंतर ते विचारायचे थांबले. रोज सकाळी फ्रीज पुसताना त्यांना ती बाटली दिसत असणार. मला ती दिसत नव्हती, कारण ती मागं होती.

या काळात त्यांनी पुड्या देणं बंद केलं. ज्यांना दिल्या होत्या त्या एकेकाला फोन लावला आणि उरलेली पावडर फेकून द्यायला सांगितलं. अंबडचे मास्तर चिडले. "दोन वर्षं देता आणि आता विष म्हणता?" असं त्यांनी विचारलं. दादांनी काय उत्तर दिलं, मला माहीत नाही. साहेब म्हणत येणारी माणसं हळूहळू यायची बंद झाली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला दीड वर्ष बाकी होतं. मालकांनी कारण विचारलं तर म्हणाले, गुडघे दुखतात. माझ्याकडं आले, पिपेटचं स्टँड कुठं ठेवलंय ते सांगितलं आणि निघाले. जिन्यापर्यंत मी गेले. तिथं मी विचारलं, "बाटलीमुळं का, दादा?"

"न्हाई मॅडम. मी जाफराबादला गेल्तो. कांताबाईला सांगून टाकलं, माझ्या पावडरीनं झालं असंल म्हणून. मनात ठेवून जगणं बराबर न्हाई." ते पायरीकडं पाहत होते. "त्या म्हन्ल्या, परत या दारात येऊ नका. त्यांचं बरोबरच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मालकांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग आधीच का नाही केलंस?" दुपारपर्यंत मोजणी झाली. मेथिल अल्कोहोल होतं, पण अपायकारक म्हणता येईल त्याच्या कितीतरी खाली. बद्रीनाथांनी ती बाटली एका बैठकीत संपवली असती तरी त्याचा त्रास झाला नसता. मी अहवाल छापला, सही केली, शिक्का मारला आणि संध्याकाळच्या गाडीनं बदनापूरला गेले.

दादा ओट्यावर बसले होते. दीपमालाताईंनी पाणी आणलं. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि आकडा बोटानं दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. असे हजारो अहवाल त्यांनी पाकिटात भरले होते, पण वाचायची वेळ पहिलीच असावी.

"नमुना कव्हा आल्ता?" त्यांनी विचारलं.

"मार्चमध्ये."

"आन मोजला आज."

मी मान हलवली.

"मॅडम, मेथिल उडतं ना? हवेत उडून जातं. मेण फोडलेलं मी पाह्यलं व्हतं. झाकण घट्ट व्हतं का सैल, म्या काय हात लावला न्हाई. उन्हाळ्यात लाइट चार-चार तास जायची, फ्रीज पाणी सोडायचा, ते पाणी मीच पुसायचो. पाच महिने." त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्यापुढं धरली. "असा नमुना मी दारातून परत पाठवला असता."

मी सांगितलं की एवढं उडून जाणं शक्य नाही. सगळं उडालं असतं तर बाकीचं अल्कोहोलही उडालं असतं, आणि ते जागेवर होतं. हे खरं होतं. पण मी ते भराभर, आवाज चढवून सांगत होते, आणि ते माझ्याकडं एखाद्या आजारी माणसाकडं पाहावं तसं पाहत होते.

"दुसरी बाटली आणू आपण," मी म्हणाले. "सीलबंद. कांताबाईंकडं असेल. तुमच्यासमोर मोजते."

"न्हाई राह्यली. मी सांगितलं त्याच दिशी त्यांनी समद्या मोरीत ओतल्या. माझ्यासमोर."

मग ते उठले आणि आत जाऊन हात-पाय धुऊ लागले. मी थोडा वेळ बसले आणि निघाले.

दिवाळीनंतर मी जाफराबादला गेले. जालन्याहून एस.टी. आणि पुढं जीप. कांताबाई अंगणात सोयाबीनचं भुसकट भरत होत्या. मी कोण ते सांगितलं, अहवाल दाखवला, आणि दवाखान्याचे कागद आहेत का म्हणून विचारलं. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून फाइल काढून दिली. मी वाचली. साखर बारा वर्षांपासून होती. डोळ्यांच्या पडद्याला इजा सहा वर्षांपासून, म्हणजे पहिल्या पुडीच्याही आधीपासून. मूत्रपिंडं निकामी. मी एकेक ओळ मराठीत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं.

"ठाऊक व्हतं मला," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या डाक्टरकडं मीच न्यायची ह्यांना."

"मग दादांना तसं का बोललात?"

कांताबाईंनी भुसकटाचं पोतं बांधलं. मग त्यावरच बसल्या.

"ताई, चार महिने झाल्ते. समदे येऊन म्हनायचे, देवाची मर्जी. लेक म्हनला, आई, तू गोड खाऊ घालायचीस त्यांना. माझ्यावरच आलं समदं. आन त्या दिशी ह्यो मानूस दारात उभा राहून म्हनला, माझ्यामुळं झालं. म्हंजे मी न्हाई केलं, असं कुनीतरी म्हनलं. त्या दिशी मला लई बरं वाटलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तो गेल्यावर तास-दोन तासांनी वाटलं, परत बोलवावं. पन बोलवलं न्हाई. बाटल्या तर आधीच ओतल्या व्हत्या. ह्यांनी हातानं केलेल्या."

निघताना त्यांनी मला पिशवीभर पेरू दिले. त्यांच्या घरामागच्या झाडांचे, त्या हंगामातले पहिले. आणि म्हणाल्या, "हिवाळेभाऊंना सांगा, मी चुकले. येऊ द्या त्यांना."

त्यांचा हा निरोप घेऊन मी बदनापूरला गेले. पेरूही अर्धे दिले. दादा आता तिथल्याच एका रोपवाटिकेत जातात, पिशव्यांत माती भरतात. मी कांताबाईंचं बोलणं शब्दन्शब्द सांगितलं. फाइलमधल्या तारखा सांगितल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मोठ्या मनाच्या हायेत त्या," ते म्हणाले. "मला वाईट वाटू नये म्हणून म्हंत्यात."

"दादा, सहा वर्षांपूर्वीचे कागद आहेत. ते तर खोटं बोलत नाहीत."

"डोळे अदुगरच कमजोर व्हते म्हंजे जास्तच जपाया पाह्यजे व्हतं. मी पुडी देताना काही इचारलंच न्हाई. तारीख टाकली, वजन बराबर केलं. मानसाला काय आजार हाय, ते कुठं इचारलं?"

 मीही बद्रीनाथांना तेव्हा काही विचारलं नव्हतं. मग ते म्हणाले, माझ्या जागेवर कोण आलं, काम बराबर करतात का. मी म्हणाले, एक बाई आल्यात, शिकताहेत. ते म्हणाले, त्यांना सांगा, आम्लाच्या बाटल्या डाव्या हातानं उचलायच्या न्हाईत. तेवढ्यात रोपवाटिकेतून फोन आला म्हणून ते सायकल घेऊन गेले.

दीपमालाताई मला स्टेशनकडं जाणाऱ्या रिक्षापर्यंत सोडायला आल्या. 

"मीच म्हनायची, सोडा ते," त्या एकदम म्हणाल्या. "रोज म्हनायची. मला वाटायचं, विहारात येतील माझ्यासंगं, मन शांत राहील. आता सोडलंय. येतात बी संगं. बसतात, हात जोडतात. पन अदुगर घरी आले की दिवसभराचं सांगायचे, कोन आलं, काय म्हनलं, कुणाचं निवळलं. आता इचारलं तर म्हंत्यात, काई न्हाई." त्यांनी रिक्षावाल्याला थांबायला हात केला. "त्यांनी सोडावं असं वाटायचं, ताई. असं सोडावं असं न्हवतं वाटत."

मी त्यांचा हात धरला.  रिक्षावाला म्हणाला की गाडीची वेळ झालीय, आणि मी बसले.